गप्प दाताची फणी

माझ्याकडे पाहून कोणी केस विंचरायला घेऊ नका, मित्रांनो. मी जुनी पोलादी फणी आहे खरी, पण माझे घर चावीच्या एका संगीतपेटीत आहे. माझ्यासमोर पितळी नळकांडे फिरते. त्यावरचे बारीक काटे माझे दात उचलून सोडतात आणि प्रत्येक दात आपला सूर देतो.

मी अनेक घरे पाहिली, कौतुक झेलले, माळ्यावर धूळही खाल्ली. शेवटी शिवणकाम करणाऱ्या एका बाईने मला घरी आणले. पेटीची निखळलेली पट्टी चिकटवताना तिच्या हातून सरसाचा थेंब माझ्या मधल्या दातावर पडला आणि वाळला. तो दात गप्प झाला. गाणे तिथे आले की नुसते ‘टक्’ व्हायचे.

तिची लेक हिरमुसली. तेव्हा आईने युक्ती काढली. ‘टक्’ झाले की ती त्या रिकाम्या जागेत हाक मारायची, “ठमे!” लेक खुदकन हसायची. लेक मोठी झाली, तरी आईने ती हाक कधी चुकवली नाही.

मग आई गेली. लेक एकटीच चावी द्यायची आणि त्या जागी श्वास रोखायची. मित्रांनो, मला कान नाहीत, फक्त कंप कळतो. तरी सांगते, त्या क्षणी रिकाम्या खोलीतून काहीतरी येऊन माझ्या दातांवर थरथरायचे.

पुढे स्प्रिंग तुटली. लेक मला जुनी वाद्ये दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे घेऊन गेली.

“ताई, आईच्या वेळी वाजायची तशीच वाजू दे. बाकी मला काही नको.”

“काळजीच सोड. नवीसारखी करून देते.”

“नवी नको हो, तशीच!”

“अगं, तेच म्हणतेय ना मी!”

आधी ऐकायचे, मग उघडायचे, ही बाईंची रीत. पण स्प्रिंग तुटलेली पेटी वाजणार कशी? लेकीला ते गाणे गुणगुणायला सांगावे, हे त्यांना सुचले नाही.

त्यांनी स्क्रू आणि चक्रे रॉकेलमध्ये बुडवली. माझा गंज खरवडला नाही, तेल लावून हळूहळू सोडवला. कारण पोलाद जरासे झिजले तरी सूर बदलतो. इतका जपणारा हात मला कधी लागला नव्हता. मग भिंगाखाली तो थेंब दिसला.

“काय पण लोक असतात! सरस सांडून ठेवलाय!”

त्यांनी कोमट पाण्यात भिजवलेला कापूस दातावर धरला. मला ओरडता येत नव्हते. सरस विरघळला. पुन्हा गंज चढू नये म्हणून त्यांनी दात लगेच कोरडा केला. मग नवी स्प्रिंग बसवली.

लेक आली. चावी फिरली. त्या जागी माझा सूर लख्ख वाजला आणि तिचा चेहरा पडला.

“इथे... इथे आई हाक मारायची मला.”

सगळे ऐकून बाईंनी हातातले भिंग खाली ठेवले. “चुकलंच माझं. आधी विचारायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. त्यांनी सरस पातळ केला आणि त्याच दातावर थेंब सोडला. तो वाळल्यावर पुन्हा चावी दिली.

‘टक्’ झाले. जागा होती तशी उघडली. लेकीने श्वास रोखला. मीही सगळ्या दातांनी वाट पाहिली. काहीच आले नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो, जुनी वस्तू पुसायला घ्याल, तेव्हा तिच्या माणसांना एवढे विचारा की यातले काय पुसायचे नाही.

लेक अजून रोज चावी देते. त्या जागी आम्ही दोघी थांबतो.