अल्बुफेराच्या काठची कढई

मी एक पसरट लोखंडी कढई. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहराजवळ अल्बुफेरा नावाचं मोठं सरोवर आहे, त्याच्या काठची. तिकडे मला पाएया म्हणतात, आणि माझ्यात शिजणाऱ्या भातालाही तेच नाव. सध्या मात्र माझा मुक्काम कॅनडात, टोरोंटोच्या स्कारबरो भागातल्या एका बेसमेंटमध्ये आहे. विंटर टायर्सच्या वर, खिळ्याला टांगलेली.

एका छोट्या कारखान्यात पत्र्याचा गोल कापून, दाबून मला आकार दिला, दोन कान लावले. अम्पारो नावाच्या बाईनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला घरी आणलं. पुढची चाळीस वर्षं दर रविवारी दुपारी संत्र्याच्या वाळक्या फांद्यांवर मी चढले. माणसं येत गेली, जात गेली. नवरा वारल्यावर अम्पारोनं घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली.

आठ वर्षांपूर्वी जूनमध्ये, एका शनिवारी, तीन पाहुणे आले. गुणवंत टोरोंटोत पाणीपुरवठ्याच्या खात्यात इंजिनियर. त्याची बायको कल्याणी. आणि त्यांची मुलगी ईरा, जी तेव्हा सहा महिन्यांसाठी व्हॅलेन्सियात शिकत होती. आईबाप लेकीला भेटायला आले होते आणि तिनं त्यांना वीकएंडला आमच्या गावी आणलं.

कल्याणी बॅग आत न ठेवता तशीच मागच्या दारी गेली. समोर पाण्यात उभं हिरवंगार धान, मध्ये बगळे, पलीकडे सरोवर.

"अहो, इकडे या," ती ओरडली. "आपल्या भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्या आहेत या! रोवणी होऊन महिना झाला असेल, बघा."

गुणवंत चष्मा पुसत म्हणाला, "एवढा विमानखर्च करून तू भंडाराच बघणार का?"

ती हसली नाही. चपला काढून बांधावर गेली आणि कितीतरी वेळ तिथंच उभी राहिली. संध्याकाळी अम्पारोच्या ओळखीच्या एका नावाड्यानं तिघांना सरोवरात फिरवून आणलं, पैसे विचारले तर त्यानं नुसतेच हात हलवले.

रविवारी मी चुलीवर चढले. कोंबडीचे तुकडे परतले, शेंगा पडल्या, मोठाले पांढरे वाल पडले. वाल बघून कल्याणी खूश झाली. मग केशराचं पाणी, तांदूळ. तिनं सवयीनं झारा घातला, तर अम्पारोनं तिचा हात हळूच धरला. भात ढवळायचा नाही. तो बुडाला लागायलाच हवा, खरी चव तिथं असते.

मला उचलून सरळ टेबलाच्या मध्यभागी ठेवलं. भोवती चार लाकडी चमचे.

"ताटं कुठायत गं?" कल्याणीनं लेकीला विचारलं.

ईरानं अम्पारोला विचारून सांगितलं, "प्लेट्स नाहीत, आई. सगळे यातूनच खातात. तुझ्यासमोरचा भाग तुझा."

गुणवंतनं चमचा उचलला. कल्याणीनं उचलला नाही. अम्पारोचा चेहरा पडला. आवडलं नाही की काय, असं तिनं ईराला विचारलं.

कल्याणी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "माझी आई लोकांच्या बांधीत रोवणीला जायची. मीही जायची सोबत. दुपारी आम्हाला लांब बसवायचे आणि वरून टाकायचे भाकर. त्यांच्या भांड्याला आमचा हात लागू नये म्हणून." मग ती ईराकडे वळली. "तुला कधी सांगितलं नाही मी."

ईरानं एकदा अम्पारोकडे बघितलं, एकदा आईकडे. "Aai... how do I even translate that?"

"नको सांगू. भात छान झालाय, एवढंच सांग."

ईरानं तेवढंच सांगितलं. पण अम्पारोनं कल्याणीचे डोळे पाहिले होते. तिनं आपल्या चमच्यानं बुडाचा खरपूस पापुद्रा खरवडला आणि माझ्यातूनच सरकवत सरकवत कल्याणीच्या बाजूला नेऊन ठेवला. मग कल्याणी जेवली. चाळीस वर्षांत माझ्यात कुणी इतकं सावकाश जेवलेलं मला आठवत नाही.

निघताना अम्पारोनं मला घासून, तेल लावून कल्याणीच्या हातात दिलं. "सप्टेंबरात कापणी असते. तेव्हा या," तिनं ईराकरवी सांगितलं.

"येते. नक्की येते," कल्याणी मराठीतच म्हणाली.

"अगं, हे विमानात नेऊ देतील का?" गुणवंत कुरकुरला. पण विमानतळावर मला छातीशी धरून उभा राहिला तो तोच.

इथं आल्यावर ईरानं बॅकयार्डसाठी गॅसची मोठी शेगडी आणली. उन्हाळ्यात आंबेडकर असोसिएशनची मंडळी जमायची, तेव्हा कल्याणी मला मध्ये ठेवून सगळ्यांना चमचे वाटायची. मग कोविड आला. एका भांड्यातून खाणं कुणालाच नकोसं झालं. मी बेसमेंटमध्ये गेले. पाठोपाठ गुणवंतच्या किडन्या बिघडल्या. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. लांबचा प्रवास संपलाच.

दर सप्टेंबरात कल्याणी खाली येते, माझा गंज लिंबानं काढते, तेल चोळते. कधी कधी माझ्यातच थोडा भात शिजवते. गुणवंतला डॉक्टरांनी मोजूनमापून खायला सांगितलंय, तरी तो तिच्या शेजारी चमचा घेऊन बसतो.

दोघी बायकांना एकमेकींची भाषा येत नव्हती. म्हणून अम्पारो दर जूनला फोनवर हिरव्या शेताचा फोटो पाठवायची आणि जानेवारीत कल्याणी तिला ड्राइव्हवेवरच्या बर्फाचा. एवढाच पत्रव्यवहार.

या जूनमध्ये फोटो आला नाही. कल्याणीनं स्वतःहून एक फुलाचं चित्र पाठवलं. त्याच्यापुढे अजून एकच टिक आहे, म्हणजे ते पोचलेलंच नाही. ईरा आता ग्वेल्फ शहरात असते; तिनं तिथून अम्पारोच्या घरच्या नंबरवर फोन करून पाहिला.

"No answer, Aai. नंबर बदलला असेल. नाहीतर हॉस्पिटल वगैरे... I don't know."

"बदलला असेल," खाली येऊन मला पुसत बसलेली कल्याणी फोनवर म्हणाली आणि मला परत खिळ्याला अडकवून जिना चढून गेली. त्या दिवशी तिला प्रत्येक पायरीवर थांबावं लागलं.

मी लोखंडाची. मला ना चालता येत, ना फोन करता येत. म्हणून तुम्हाला सांगतेय. तुमच्यापैकी कुणी व्हॅलेन्सियाला गेलात, तर एक दिवस जास्त काढा. सरोवराकाठी अम्पारोचं घर कुणालाही विचारा. ती भेटली, तर सांगा की कल्याणीला यायचं होतं, फार यायचं होतं. आणि नाहीच भेटली, तर तिच्या मागच्या दारी जा. धान उभं असेल. त्याचा एक फोटो तेवढा इकडे पाठवा.