सासऱ्यांची पावलं

मी प्रयोगशाळेत पेशी मोजायचे. बावीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून, हातातल्या काउंटरचं बटण दाबत बसले. आमचा गणिती मात्र पेशींकडे ढुंकूनही बघत नाही. त्या कशा वाढतात, कधी थांबतात, हे तो कॉम्प्युटरवर समीकरणं मांडून सांगतो. उंटावरून शेळ्या कशा हाकाव्यात, ते त्याच्याकडून शिकावं.

त्याच्या मॉडेलमध्ये हवे तसे बदलता येतील असे अकरा आकडे होते आणि माझी मोजणी नऊच दिवसांची. इतक्या खुंट्या पिळायला मिळाल्यावर कुठलीही रेघ कुठल्याही ठिपक्यांतून नेता येते. हे मी दोनदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. उलट त्याने साहेबांच्या डोक्यात भरवलं की आता मोजणीची गरजच उरली नाही. सोमवारच्या बैठकीत माझी जागा रद्द व्हायची होती.

माझं डोकं फिरलं. घरी सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांचा फोन रोज त्यांची पावलं मोजत होता. त्यातले नऊ दिवसांचे आकडे मी पेशींची नवी मोजणी म्हणून गणित्याला पाठवून दिले.

बैठकीत पडद्यावर आलेख आला. एकूणएक ठिपका रेघेवर. सहाव्या दिवशी आकडा घसरला होता, त्यावर तो पाच मिनिटं बोलला. म्हणे अन्न कमी पडून पेशींवर ताण आला. त्या दिवशी सासरे माझ्या नवऱ्याशी भांडून भिंतीकडे तोंड करून पडले होते.

मी उभी राहिले.

"सर, या पेशी नाहीत. ही माझ्या सासऱ्यांची पावलं आहेत. सहाव्या दिवशी ते घरात भांडून पडून होते."

फोन टेबलावर ठेवला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? गणिती पांढराफटक पडला. साहेब कधी फोनकडे, कधी पडद्याकडे बघत राहिले. मला वाटलं, जिंकले.

"म्हणजे हे मॉडेल माणसांनाही लागू पडतं," साहेब म्हणाले. "मग पेशींपुरतं कशाला ठेवायचं?"

गणित्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. ताणाचं तर बरोबरच निघालं, असंही तो म्हणाला.

माझी जागा गेली, मायक्रोस्कोप कपाटात गेला. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. आणि घरी काय, तर गणित्याने सासऱ्यांना पुढच्या महिन्याची रेघ आखून पाठवली आहे. ती चुकू नये म्हणून म्हातारबुवा रोज तेवढीच पावलं मोजून चालतात.