उजव्या हाताचा आशीर्वाद

माझा नवरा सदानंद छपाईतला माणूस. पुण्यात बरीच वर्षं काढून दुबईतल्या एका प्रेसमध्ये आला. पुस्तक हातात घेतलं की आधी चुका शोधतो, मग वाचतो. असल्या माणसाशी संसार म्हणजे डोक्याला ताप.

२००९च्या मंदीने प्रेस निम्मी रिकामी केली. आम्ही टिकलो ते एकाच कामावर. इथल्या एका राजघराण्याने तेजीच्या दिवसांत युरोपातून जुनी चित्रं घेतली होती. मेरी, बाळ येशू, संत वगैरे. इटलीतल्या थोर चित्रकारांची मूळ रंगीत चित्रं नव्हेत, तर कारागिरांनी तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेल्या त्यांच्या नकला. त्या संग्रहाचं जाडजूड पुस्तक करायचं होतं. ते जमलं तर दुसरा खंडही आमचाच. नाही जमलं तर नोकरी, व्हिसा, अल बर्शातलं घर, आमच्या लेकीची म्हणजे शुभ्राची दहावी, सगळं खलास.

एके दिवशी जेवता जेवता सदानंद म्हणाला, "छाया, बाळ डाव्या हाताने आशीर्वाद देतंय." मूळ चित्राचा फोटो त्याने नेटवर पाहिला, तर तिथे उजवा हात. म्हणजे नक्कल करणाऱ्याने घोळ घातलेला, आणि एकाच चित्रात नाही, बऱ्याच.

"डाव्या हाताने आपण प्रसाद देत नाही, आणि देव आशीर्वाद देईल?"

मला पटलं. कोणालाही पटलं असतं. त्याने कॉम्प्युटरवर चित्रं उलटवली, खालची अक्षरं तेवढी सुलट ठेवली, आणि चारशे वर्षांची चूक निस्तरल्याच्या तोऱ्यात हिंडत राहिला. संग्रहाकडची तपासणारी माणसं मंदीत घरी गेली होती. कोणी हूं की चूं केलं नाही.

पुस्तक घराण्यातल्या वडीलधाऱ्या शेखसाहेबांना फार आवडलं. दुसरा खंड मिळाला. मी शिरा केला.

मग संग्रह सांभाळणाऱ्या एमानने त्याला अबू धाबीला बोलावलं. एक मूळ कोरलेला पत्रा आला होता, त्याचाही फोटो दुसऱ्या खंडात घ्यायचा होता. पत्र्यावर बाळाचा उजवाच हात वर होता, पण अक्षरं उलटी. शेजारी त्याच पत्र्यावरून छापलेला कागद होता. त्यावर अक्षरं सुलट आणि हात डावा. ठसा कागदावर उलटाच उमटणार. आपल्या ऑफसेटमध्ये चित्र आधी रबरावर पडतं आणि मग कागदावर सुलट येतं, म्हणून जन्मभर छपाई करूनही ह्याच्या डोक्यात ते आलं नव्हतं. कारागिराचं काहीच चुकलं नव्हतं.

घरी येऊन त्याने सगळं सांगितलं तेव्हा मी एवढंच विचारलं, "कोणाला कळलंय का?"

"नाही."

"मग तोंड मिटून बस. पोरीची दहावी होऊ दे, मग काय दिवे लावायचेत ते लाव."

"अगं, ती त्यांची चित्रं राहिलीच नाहीत. तशी चित्रं जगात कुठेच नाहीत. मी बनवलीत ती."

"बनवलीस तर बनवलीस. शेखसाहेब खूश आहेत ना?"

मी भांडले, रडले, अबोला धरला. खूप राग आला होता मला, आणि भीती त्याहून जास्त वाटत होती. तो अबू धाबीला गेला आणि एमानला सांगून आला. तिने शांतपणे ऐकून घेतलं, आभारसुद्धा मानले. मग सगळी पुस्तकं परत आली, दुसरा खंड गेला, आणि प्रेसच्या मालकाने सदानंदला नोटीस दिली.

हे सगळं, आणि आता दुबई सोडावी लागणार हेही, शुभ्राला मीच सांगितलं, जेवताना. म्हटलं, ही तरी आदळआपट करील, ह्या घरात एक माणूस तरी माझ्या बाजूचं असेल.

"हू कॉट यू, बाबा?" तिने विचारलं.

"कोणी नाही."

"देन व्हाय आर वी लीव्हिंग?"

"विचार, विचार," मी म्हटलं. "मी केव्हाची तेच विचारतेय."

सदानंद म्हणाला, "चुकीचं होतं म्हणून."

शुभ्राने आपलं ताट उचललं, माझ्या शेजारून उठली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली.