चांगोच्या औषधाचे वाटेकरी

चांगो बरा झाला आणि स्वतःच्या पायांनी कोंडाण्याजवळच्या आपल्या पाड्याकडे चालत गेला. पण ते अजून झालंच नाही असं धरून चला. त्या आषाढात कर्जतच्या दवाखान्यात कुणालाच तशी आशा नव्हती. कंपाउंडर अब्बासला तर मुळीच नाही.

चांगोचं हृदय थकलं होतं. पाय सुजून उखळासारखे झालेले, दोन शब्द बोलला की धाप. डॉक्टरांनी डिजिटॅलिसचे दहा थेंब लिहिले, दिवसातून तीनदा. अब्बास थेंब मोजून पाण्यात घाली, पेला खाटेपाशी ठेवी आणि पुढच्या खाटेकडे वळे. आठ दिवस झाले तरी सूज जागची हलेना. डॉक्टरांनी दहाचे वीस थेंब केले.

अकराव्या दिवशी चांगो म्हणाला, "भाई, सदरा हळदीत बुडवला का काय?"

सदरा पांढराधोप होता; डिजिटॅलिस अंगात जास्त झालं की सगळं पिवळं दिसतं. मग चांगो ओकला. अब्बासनं नाडी धरली. मिनिटाला बेचाळीस! औषध जास्त झालं होतं, आणि थेंब मोजणारा हात अब्बासचाच. त्याची स्वतःची नाडी एवढी धावत सुटली, की दोघांची सरासरी अगदी निरोगी भरली असती.

"चांगोदादा, खरं सांग. औषध कसं घेतलंस?"

"एकट्यानं. पाड्यावरची मानसं भाताच्या आवणीला गेली ना. तीन दिस कोन आलं नाय."

"आणि त्याआधी?"

"घोट घोट समद्यांनी. सोमी, वाघ्या, बुधी, कोंडी, मग मी. मानूस पुढ्यात बसलाय नि आपुन एकट्यानं गिळायचं? आमच्यात नाय तसं."

डॉक्टरांनी औषध बंद केलं. चार दिवसांनी नाडी साठावर आली, तेव्हा पुन्हा दहा थेंब सुरू झाले. म्हणजे पहिलाच डोस, जो चांगोनं कधी पुरता घेतलाच नव्हता. तेवढ्यात आवणी आटोपून माणसं परतली, आणि चांगोनं तोंड मिटलं.

"ती बघत्यात नि मी पिऊ? लाज हाय मला."

अब्बासनं आणखी चार पेले भरले, बडीशेपेच्या पाण्याचे. पाचही जण एकदमच प्यायले. सोमी पेला उपडा करत म्हणाली, "आधीचं कडू व्हतं. भाईंचा हात सुधारला."

आठवड्याभरात चांगोचे घोटे सापडले. तो गेला त्या दिवशी अब्बासनं वर अर्ज धाडला:

'सदर रुग्णाच्या जातीचे इसम पुन्हा दाखल होतील, सबब एका रुग्णास पाच इसम धरून निरोगी चौघांस बडीशेपेचे पाणी कायम मंजूर व्हावे, आणि यापुढे तालुक्यातील आवणी रुग्णाची नाडी पाहूनच सुरू करण्याचा हुकूम पावसास व्हावा, ही विनंती.'