ओढ्यातून लवकर काढलेल्या लुपिनी

माझा नवरा सावेरियो मनाने सोन्यासारखा, पण कुणाचंही बोलणं अर्धंच ऐकतो. पोरीचंही त्याने अर्धंच ऐकलं.

आमची इम्मा कोझेन्झाच्या विद्यापीठात रानातल्या शेंगांवर काम करते. रविवारी जेवताना ती रंगात येऊन सांगत होती, की आपल्या टेकडीवर आपसूक उगवणाऱ्या लुपिनीत अँटिऑक्सिडंट ठासून भरलेली असतात, ती शरीराची झीज रोखतात. लुपिनी म्हणजे वालासारखा चपटा दाणा. तो उकडायचा, पोत्यात भरून आठवडाभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात सोडायचा, कडूपणा गेला की मीठ लावून खायचा. आमच्याकडे घरोघरी हेच चालतं.

"मग ओढ्यात ते सत्त्वही वाहून जात असेल की गं?" सावेरियोने विचारलं.

"थोडंफार जातंच, पप्पा. पण..."

पुढचं ऐकायला हा थांबतोय कुठला! वाईन आणायला उठून गेला.

बुधवारी दुपारी तो भिंत धरत धरत घरात आला. "नुन्झिया, जमीन हलतेय," म्हणाला. तोंडाला कोरड पडून शब्द अडकत होते. डोळ्यांतल्या बाहुल्या केवढ्या मोठ्या झाल्या होत्या! त्याच्या धाकट्या भावाला मागच्या वर्षी असाच मेंदूचा झटका आला होता. तो पुन्हा उठलाच नाही.

शेजारची तेरेझिना धावत आली. ताटात पाणी घेऊन तिने त्यात तेलाचे थेंब सोडले. "दृष्ट लागलीय गं! बघ कसं तेल पसरलं!"

"तू तेल बघत बस बाई, मी अॅम्ब्युलन्स बोलावते."

फोन करून मी त्याचा कोट सैल करायला गेले, तर खिशातून मूठभर लुपिनीची सालं निघाली. एक साल जिभेवर ठेवलं. कडूजहर!

"मेल्या, पोतं ओढ्यातून कधी काढलंस?"

"काल. सत्त्व जायला नको म्हणून. वाडगाभर खाल्ल्या." मग माझा हात घट्ट धरून म्हणाला, "मला भावासारखं जायचं नव्हतं गं."

मी तशीच इम्माला फोन लावला. ती किंचाळलीच. "मम्मा, त्या कडूपणातच विष असतं! तो घालवायलाच तर ओढा! सालं बरोबर घे आणि डॉक्टरांना आधी तेच सांग."

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी सालं पाहिली, त्याचे डोळे पाहिले, हातपाय हलवून पाहिले. "झटका दिसत नाही. सलाईन लावू, लक्ष ठेवू. उद्यापर्यंत उतरेल." मी तिथेच बाकावर बसून हमसाहमशी रडले. तरी आतून धाकधूक होतीच. डॉक्टरही माणूसच, चुकू शकतो.

सकाळी सावेरियोने डोळे उघडले.

"जमीन हलतेय अजून?" मी विचारलं.

"नाही. तुझी हनुवटी हलतेय."

मग त्याने गालातल्या गालात जीभ फिरवली, तो उठून बसला आणि समोरच्या भांड्यात पचकन थुंकला.

"नुन्झिया, कोरड गेली, तोंडाला पाणी सुटलं!" तो ओरडला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने नाक मुरडलं.

मी सावेरियोचं डोकं छातीशी धरलं. देवा, किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

"थुंक, राजा," मी म्हटलं. "हवं तेवढं थुंक."