हसतानाचं एखादं

"पण हे घरात लावायचं तरी कुठे?" पेल्याच्या चित्राकडे बघत एक बाई मैत्रिणीच्या कानाशी लागली. "बाहेरच्या खोलीत लावलं तर आल्यागेल्याच्या घशाखाली चहा उतरायचा नाही."

"अगं, भरतकामाचं प्रदर्शन पलीकडच्या दालनात आहे. आपण चुकून आलोय," मैत्रीण म्हणाली. दोघी परक्याच्या घरात शिरल्यासारख्या दबकत बाहेर पडल्या.

धाकटी त्यांच्या मागेच उभी होती. ही चित्रं हिनेच काढली आहेत, असं त्यांना वाटण्याजोगं तिच्यात काही नव्हतं. साठी उलटली तरी घरात ती धाकटीच होती. पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात तिने उभी हयात आकृत्या काढण्यात घालवली होती. बेडकाची पचनसंस्था, हृदयाचा उभा छेद, कानाचे तीन भाग. पिढ्यान्पिढ्या पोरं त्या आकृत्या गिरवून पास झाली, पण आकृतीखाली नाव असतं ते अवयवाचं, काढणाऱ्याचं नसतं. तिची त्याबद्दल कधी तक्रारही नव्हती. आपलं काम भिंतीवर टांगायचं आणि लोक ते बघताना आपण उभं राहायचं, ही वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती.

सगळ्या भिंतींवर ताई होती. बाद झालेल्या छपाईच्या पाठकोऱ्या कागदांवर कोळशाने काढलेली. खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसलेली. पेला दोन्ही हातांत धरून पाणी पिणारी. मग पेला दुसऱ्या कोणाच्या हातात. मानेखाली उशी, कुशीला उशी. शेवटच्या काही कागदांवर तर नुसताच गळा आणि त्याखालची खोल खोबण.

आईवडील लागोपाठ गेले तेव्हा ताई शाळेतून नुकती बाहेर पडली होती. तिने टेलिफोनच्या कचेरीत नोकरी धरली आणि पाठच्या दोघांना, म्हणजे दादाला आणि धाकटीला, वाढवलं. दिवसभर कानाला यंत्र लावून ती लोकांना जोडून द्यायची. लग्नाचं कोणी विचारलं की म्हणायची, "लाइन बिझी आहे." आवाज खणखणीत आणि हसणं त्याहून. ते हसणं नको तिथे यायचं. कोणी गेलं की त्यांच्या घरी भेटायला म्हणून गंभीर चेहऱ्याने जायची आणि दादाचा मोजा फाटलेला दिसला की तोंडात पदर कोंबून बाहेर पळायची.

आजार स्नायूंचा होता. त्याने पहिल्यांदा जीभच धरली. जिने जन्मभर आवाजावर पोट भरलं, तिचा आवाज आधी गेला. मग चेहरा थांबला, मग हात, मग बाकीचं. धाकटीने पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून दिली होती, ताई त्यावर बोट ठेवत ठेवत बोलायची. धडधाकट होती तोवर ती घरात एका जागी कधी बसलीच नाही. ती बसली आणि धाकटीची चित्रं सुरू झाली. पहिलं चित्र दाखवलं तेव्हा ताईचं बोट पुठ्ठ्यावर हळूहळू फिरलं: ना, क, मो, ठं.

ताई गेल्यावर बऱ्याच महिन्यांनी धाकटीचा कलाशाळेतला जुना सोबती घरी आला. त्याला सगळे दाढी म्हणत. दाढी काढून जमाना झाला होता, पण नाव चिकटलेलं. डोंगरांची चित्रं काढायचा, दर वर्षी कुठे ना कुठे लावायचा. त्याने कपाटावरचा गठ्ठा खाली काढला, आणि जमिनीवर बसून एकेक कागद उलटला.

"हे झाकून ठेवणं बरोबर नाही," शेवटी तो म्हणाला. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचं दालन त्यानेच मिळवून दिलं.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी दादा आला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दुकान लवकर बंद करून, इस्त्रीचा शर्ट घालून, वहिनीला घेऊन तो आला. दारातून आत आला तेव्हा चेहऱ्यावर कौतुक होतं. पहिल्या भिंतीपाशी ते गेलं. दुसऱ्या भिंतीपाशी त्याने चष्मा काढून हातात घेतला.

"वन्सं, किती हो हुबेहूब!" वहिनी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली.

"तिला विचारलं होतंस?" दादाने विचारलं.

"काय?"

"हे असं लोकांना दाखवायचं म्हणून. तिला विचारलं होतंस का?"

"नाही. तेव्हा दाखवायचं माझ्या डोक्यातच नव्हतं, दादा."

"केस विंचरल्याशिवाय ती दार उघडायची नाही. दूधवाल्यालासुद्धा." त्याचा आवाज चढायला लागला. भरतकामाकडे निघालेली दोनचार माणसं दारात थबकली. "आणि हे बघ. तोंडातून लाळ गळतेय. ती पण काढलीस तू."

"होती म्हणून काढली."

"मला हे बघवत नव्हतं म्हणून मी घरी येत नव्हतो, धाकटे," दादा म्हणाला. आता त्याचा आवाज एकदम खाली आला होता. "आणि तू ते भिंतीवर टांगलंस."

वहिनीने त्याच्या दंडाला धरलं. जिना उतरताना त्याचा हात कठड्यावर चाचपडत होता, कारण चष्मा अजून हातातच होता.

पुढचे दिवस तसेच गेले. येणारे थोडे, त्यातले निम्मे वाट चुकलेले. एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यात 'आजारपणाचा प्रभावी अभ्यास' असे शब्द होते. दाढीने ते कात्रण खिशातून काढून दाखवलं. धाकटीने वाचून परत दिलं. अभ्यास. जिच्या पाठीला रोज तेल लावलं, जिच्या घशात अडकलेला घास बोटाने काढला, तिचा अभ्यास.

शेवटून दुसऱ्या दिवशी मात्र एक बाई आल्या आणि प्रत्येक चित्रापुढे मनापासून थांबल्या. एकेका कागदाजवळ वाकून, मागे सरून, परत वाकून. धाकटी खुर्चीवरून उठून जवळ गेली. इतक्या दिवसांत असं कोणी बघितलं नव्हतं.

"तुम्हीच काढलीत ना?" बाई म्हणाल्या. त्या फिजिओथेरपीच्या कॉलेजात शिकवत होत्या. "काय सांगू तुम्हाला! हा खांदा, हा कसा कसा उतरत गेलाय. किती क्रमवार! आम्हाला मुलांना हेच नीट दाखवता येत नाही. फोटोत इतकं स्वच्छ कळत नाही. यावर रेघा ओढून नावं टाकता येतील?"

"येतील की," धाकटी म्हणून गेली. तिच्या तोंडातून ते सवयीने निघालं. छापखान्यात हाच प्रश्न तिने इतक्यांदा ऐकला होता की उत्तर आधी यायचं आणि समज मागून.

बाई नंबर घेऊन गेल्या. धाकटी खुर्चीवर बसली. तिने ताई काढली होती, आणि भिंतीवरून ती आकृती होऊन खाली उतरत होती. आणि त्याला हो म्हणाली होती ती धाकटी स्वतःच. पुढे बाईंचा फोन येत राहिला, तिने एकदाही उचलला नाही.

चित्रं उतरवायला दाढी आला. दालन दुपारपर्यंत रिकामं करून द्यायचं होतं. पलीकडून भरतकामवाल्या बायकांची हसतखेळत आवराआवर ऐकू येत होती. त्यांचं बहुतेक सगळं खपलं होतं.

"पहिल्यांदा टांगलं तेव्हा मी रडलो होतो," खिळा उपटता उपटता दाढी म्हणाला. "थेंबभरही न घेता, पूर्ण शुद्धीत. वाटलं होतं, जग हलेल. शिपायानेसुद्धा मान वर केली नाही."

"लोक आले नाहीत म्हणून नाही रे वाईट वाटत."

"मला माहीत आहे. लोकांनी बघितलं की चित्र होतं तसं घरी येत नाही, हेच ना? तू म्हणशील, आणलं तसंच नेतेय. तसं नसतं. त्यावरून सगळ्यांचे डोळे फिरलेले असतात."

"मग तू काय करतोस?"

"मी भिंतीकडे तोंड करून ठेवतो आणि दुसरं घेतो. दर वेळी ताप येतो, अंग मोडून येतं, तरी दुसरं घेतो. आपल्या कामात मागे वळून बघणारा मेला समज. तूही घे. उद्याच बस."

"तुझे डोंगर आहेत," धाकटी म्हणाली. "एक झाला की पलीकडे दुसरा उभाच असतो. मी दुसरी ताई कुठून आणू?"

दाढीने पुढचा खिळा उपटायला घेतला.

घरी आल्यावर गठ्ठा पुन्हा कपाटावर गेला. दाढीचं खरं होतं. धाकटीने एकदोनदा तो खाली काढून पाहिला. पेला धरलेल्या ताईच्या चित्राला 'घशाखाली चहा उतरायचा नाही' चिकटलं होतं. खांद्याच्या चित्रांना 'क्रमवार' चिकटलं होतं. लाळेच्या चित्राकडे तर तिला बघवलंच नाही, त्यात दादाचा आवाज होता. इतकी वर्षं त्या कागदांवर फक्त दोघी होत्या, बघणारी आणि दिसणारी. आता तिथे दाटी झाली होती.

आणि याहून वाईट तिला हळूहळू कळत गेलं. डोळे मिटून ताई आठवायला गेलं की कोळसा यायचा. दाराशी चपला काढणारी, ओट्याशी उभी राहून जेवणारी ताई येईनाशी झाली. यायची ती खुर्चीतली, पाठकोऱ्या कागदावरची. आपण तिला धरून ठेवतोय असं धाकटीला वाटलं होतं. धरलं होतं ते तिचं आजारपण.

अशा दिवसांत एका दुपारी दादा आला. एकटाच. खुर्चीत न बसता तो ताईच्या रिकाम्या पलंगाच्या कडेला टेकला.

"त्या दिवशी मी जास्त बोललो."

"खरं तेच बोललास."

"खरं बोललं तरी जास्त असू शकतं." त्याने चष्मा पुसला. पुसण्याजोगं त्यावर काही नव्हतं. "माझ्याकडे तिचा एक फोटो नाही गं. ती कधी उभी राहायची नाही फोटोला. नाक मोठं दिसतं म्हणायची. तर मी म्हटलं, तुझ्याकडून एक चित्र न्यावं. दुकानात, माझ्या टेबलापाशी लावायला."

"ने की. कुठलं हवं ते ने."

"हसतानाचं एखादं आहे का?"

धाकटीने कपाटावरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"एकही नाही?" दादा म्हणाला. "एवढ्या सगळ्यांत?"

"मी काढायला लागले तेव्हा चेहरा हलायचा थांबला होता, दादा." मग त्याचा चेहरा बघवेना म्हणून ती म्हणाली, "काढून देते मी. थोडे दिवस दे."

ती बसली. दाढीने सांगितलं होतं तशी, सकाळी उठून, खिडकीशी. हसताना कुठला स्नायू गालाला वर ओढतो, डोळ्याखाली घडी कुठे पडते, हे तिला झोपेतही काढता आलं असतं. तिने ते काढलंही. कागदावर एक बाई हसत होती. बिनचूक हसत होती. ती ताई नव्हती. कागद बाजूला, दुसरा घेतला. नाक ताईचं यायचं, कपाळ यायचं, कानामागे सरकवलेली बट यायची. ओठांपाशी हात आला की तो आपोआप उजव्या कोपऱ्याकडून खाली ढळायचा, आजारातल्यासारखा. हाताला तेवढंच पाठ झालं होतं. कोळसा बोटांत चुरा होईपर्यंत ती काढत राहिली. घर कागदांनी भरलं आणि त्यात हसणारी कुणी नव्हती.

दादा परत आला तेव्हा तिने काही लपवलं नाही. सगळे कागद पलंगावर पसरून ठेवले. तो एकेक बघत गेला.

"नाही," तो म्हणाला.

"नाही ना?"

"नाही."

दोघं कागद सारून पलंगावर बसली. बाहेर कोणीतरी गाडी चालू करायची खटपट करत होतं.

"आधी श्वास आत घ्यायची ती," धाकटी म्हणाली. "हुंदका आल्यासारखा. आठवतं तुला? आणि मग सुटायची."

"छे. आधी नाकातून आवाज यायचा. घोड्यासारखा."

"ते नंतर. आधी श्वास."

"थांब," दादा म्हणाला. त्याने चष्मा काढून बाजूला ठेवला, मान थोडी मागे टाकली, श्वास आत ओढला आणि नाकातून फुर्रर्र करून ताईसारखा हसला.

एक क्षणभर ते होतं. गाल, दात, मिटत आलेला एक डोळा, सगळं होतं. कोळसा हाताशीच पडला होता, पण धाकटीने तो उचलला नाही. तिचे दोन्ही हात मांडीवर तसेच राहिले.

"परत कर," ती म्हणाली.

दादाने परत केलं. या वेळी तो नुसताच तोंड उघडलेला एक म्हातारा माणूस होता.

"नाही आलं," धाकटी म्हणाली.

त्याने पुन्हा श्वास ओढला. पुन्हा. त्याला ठसका लागला, तो थांबला, घसा खाकरून पुन्हा मान मागे टाकली. धाकटी त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती आणि दर वेळी मान हलवत होती, नाही, नाही, आणि दादा पुन्हा करून दाखवत होता.