चौदा घरं फिरणारी पाटी

मी एक जुनी पाटी आहे. लिहायची नव्हे, फिरायची. मित्रांनो, जपानमधल्या आमच्या गल्लीत चौदा घरं आहेत. नगरपालिकेची सूचना आली की माझ्या चिमट्यात अडकवतात आणि मला घरोघर धाडतात. सूचना वाचायची, ‘पाहिलं’ असं छापलेल्या रकान्यात आपल्या नावाचा लाल शिक्का मारायचा आणि मला शेजारच्या दारात नेऊन ठेवायचं, एवढाच माझा संसार. इथे मला काइरानबान म्हणतात.

माझा जन्म पुठ्ठ्यातून झाला. अंगावर हिरवं रेक्झिन आणि डोक्यावर लोखंडी चिमटा. एकवीस वर्षांच्या नोकरीत माझं कौतुक एकदाच झालं. सहाव्या घरातले कुरोसे आजोबा म्हणाले होते, “चिमटा अजून घट्ट आहे.” बाकी सगळे मला दारातच उभं करत, शिक्का मारत आणि कटवत. एका घरी मी सरासरी चाळीस सेकंद असे. एकदा चुकून माझ्यावर कोपऱ्यावरच्या नूडल्सच्या दुकानाचं मेन्यूकार्ड अडकवलं गेलं. चौदाच्या चौदा शिक्के पडले.

पाचव्या घरात पुण्याचं कुटुंब राहायला आलं. पुष्कर कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. त्याची बायको नंदिनी घरी असायची, आणि त्यांची जुई गल्लीच्या टोकाच्या सरकारी शाळेत तिसरीत होती. पहिले आठ महिने जुई शाळेत एक अक्षर बोलली नव्हती. मग शाळेतल्या जपानी भाषेच्या छोट्या वर्गात हागा-सेन्सेईंनी, म्हणजे हागा बाईंनी, तिला रोज एक तास जवळ बसवून बोलतं केलं. आता ती घरातही गप्प बसत नव्हती.

गेल्या शरद ऋतूत माझ्यावर तीन कागद लागले. पहिला कचऱ्यावर कावळे बसू नयेत म्हणून जाळी कशी घालावी याचा होता, सचित्र. दुसरा बागेतल्या झाडांच्या छाटणीचा. तिसरा शाळेचा. पहिल्या चार घरांनी तिन्हींवर शिक्के मारले आणि मी नंदिनीच्या हातात पडले.

तिने भाषांतरासाठी मोबाईल समोर धरून तिसरा कागद वाचायला घेतला. मोबाईल म्हणाला, ‘शाळा स्वतःला आदराने दुसऱ्याच्या ताटात वाढत आहे.’ दुसरी असती तर तिने हसून सोडून दिलं असतं. नंदिनी शब्दकोश घेऊन बसली.

“अगं, शिक्का मार आणि दे पुढे,” पुष्कर म्हणाला. “सगळे तेच करतात.”

“सगळे वाचत नाहीत म्हणून मीही नको वाचू?”

“कुरोसे-सान दोन दिवस खिडकीतून बघतायत. त्यांना पाटी हवीये.”

“मग मागतील ना.”

“जपानी माणूस आहे तो, नंदिनी. मरेल, पण मागणार नाही.”

चौथ्या दिवशी अर्थ लागला. एप्रिलपासून शाळा एका खासगी संस्थेकडे जाणार होती. इमारत सरकारचीच; पण शिक्षक, वेळापत्रक, अभ्यास सगळं संस्था ठरवणार. सातव्या कलमात लिहिलं होतं, जपानी भाषेचा वर्ग नव्या आराखड्यात नाही. तिथल्या मुलांना दोन गावं पलीकडच्या शाळेत बसने पाठवलं जाईल. दहा घरांचा लेखी आक्षेप पंधरा तारखेपर्यंत आला, तरच सुनावणी होईल.

नंदिनीने बोटं मोजली. तिचं घर आणि पुढची नऊ. बरोबर दहा.

पुढचे दोन दिवस मायलेकी जपानीत आक्षेपाचं पत्र लिहीत होत्या. ‘पटत असेल तर खाली शिक्का मारा आणि कृपया लगेच पुढे द्या,’ असं नंदिनीने सांगितलं.

“ममा, ‘लगेच’ नको,” जुई म्हणाली. “रूड वाटतं.”

“अगं, पण घाई आहे ना आपल्याला!”

“मग पोलाइट घाई लिहिते.”

जुईने ते इतकं पोलाइट लिहिलं की त्यातली घाई कोणालाच सापडली नाही.

सहाव्या दिवशी नंदिनी मला घेऊन कुरोसे आजोबांच्या दारात गेली. उशीर झाल्याबद्दल चार वेळा वाकली. आजोबा पाच वेळा वाकले. “छे छे, मुळीच घाई नव्हती,” असं म्हणत त्यांनी मला अक्षरशः ओढून घेतलं आणि चारही कागदांवर शिक्के मारले. जाळी, छाटणी, शाळा, पत्र. पत्र त्यांनी वाचलं नाही. पुढच्या आठ घरांनीही नाही. दोन घरं सहलीला गेली होती; ती परतेपर्यंत मी त्यांच्या दारातच पडून राहिले.

सतरा तारखेला मी परतले. पत्राखाली नऊ शिक्के बघून नंदिनीने मला छातीशी धरलं. “पुष्कर, सगळे आपल्या बाजूने आहेत रे!” पुष्करने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दोघं मला घेऊन नगरपालिकेत गेली.

कचेरीतला माणूस फार सज्जन होता. त्याने आधी तारीख दाखवली. मग म्हणाला, “शिवाय हे पाटीचे शिक्के आहेत. ह्याचा अर्थ पाहिलं. पटलं असा नव्हे.”

“आणि तुमच्या कागदावर चौदा आहेत, ते?” नंदिनीने विचारलं.

“त्याचा अर्थ परिसराची समजूत पटली आहे.”

तो हे सांगताना इतका खाली वाकला की त्याच्याशी भांडायला चेहराच उरला नाही.

एप्रिलमध्ये शाळेवर नवी पाटी लागली. माझ्यासारखी नव्हे, चकचकीत. हागा-सेन्सेईंची बदली झाली. जुई आता सव्वासात वाजता बसमध्ये बसते, आणि घरी आल्यावर पुन्हा फार बोलत नाही. कुरोसे आजोबा तिला बसथांब्यावर बघतात आणि “केवढी लांबची शाळा निवडली ह्यांनी!” म्हणून कौतुकाने मान हलवतात.

गल्लीसाठी मोबाईलवर नवी सोय झाली आहे. तिथे एक बटण दाबलं की पाहिलं. मी गल्लीच्या सभागृहातल्या कपाटात पडून असते. मित्रांनो, सही किंवा शिक्का करण्याआधी कागद वाचत जा, असं मी सांगायला हवं. पण एका बाईने वाचला, आणि त्यातच सहा दिवस गेले. ते सहा दिवस तिने मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं. एकेका ओळीवरून तिचं बोट फिरायचं, अडायचं, मागे यायचं. तिने पहिल्याच दिवशी पत्र लावून मला पुढे ढकललं असतं, तर निदान तारीख तरी गाठता आली असती. आणि तरी मी मनातल्या मनात म्हणत होते, आणखी एक दिवस ठेव.